हात पुढे करणाऱ्यांची नोंद ठेवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत एचआयव्ही प्रतिबंधक लशीवरचा अर्ध्या पानाचा लेख वाचला. चाळीस वर्षं झाली तरी लस हाती नाही, आजवरचे प्रयत्न फसले आणि भारतातल्या चाचण्याही अपयशी ठरल्या, असा त्याचा सूर आहे. भारतातल्या चाचण्यांच्या वाट्याला त्यात ती एकच ओळ आली आहे. त्या चाचण्या कुठे झाल्या, किती माणसांवर झाल्या, त्यांत काय तपासायचं होतं, यातलं काहीच नाही. त्या एका ओळीमुळे हे पत्र लिहिते आहे.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी रक्तपेढीत प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. निवृत्तीनंतर पुण्यात लेकाकडे राहते. एचआयव्हीसाठी रक्त तपासणाऱ्या एलायझा प्लेटा लावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पुणे-बंगळूर महामार्ग आमच्या भागातून जातो. नव्वदच्या दशकात एकेका प्लेटमध्ये पिवळी पडणारी, म्हणजे लागणीची शंका दाखवणारी (आमच्या भाषेत ‘रिअॅक्टिव्ह’) भोकं कशी वाढत गेली, ते मी रोज बघत होते. रिअॅक्टिव्ह निघालेल्या माणसाला द्यायला तेव्हा आमच्याकडे चार समजुतीच्या शब्दांपलीकडे काही नव्हतं. सरकारी औषधं मोफत मिळायला लागली ती १ एप्रिल २००४ पासून, तीही सुरुवातीला अख्ख्या देशात मिळून आठ केंद्रांवर. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यातलं एक. आमच्याकडच्या ऊसतोडणीवाल्याने किंवा ट्रकवरच्या क्लीनरने दर महिन्याला मुंबई कशी गाठायची? पुष्कळांनी गाठलीच नाही.

अशा दिवसांत, ७ फेब्रुवारी २००५ रोजी, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, जिला सगळे ‘नारी’ म्हणायचे, एचआयव्ही लशीची भारतातली पहिली चाचणी सुरू झाली. लशीचं नाव टीजीएएसी०९. सिएटलच्या टार्गेटेड जेनेटिक्स या कंपनीने ती बनवली होती आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), नॅको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था) व ‘आयावी’ ही आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून चाचणी हाती घेतली होती. पुण्यात ३० निरोगी स्त्री-पुरुषांनी ती टोचून घेतली किंवा तिच्या जागी निव्वळ द्रावण टोचून घेतलं. कोणाला काय मिळालं हे ना टोचून घेणाऱ्याला ठाऊक, ना टोचणाऱ्याला. पुढच्या वर्षी, जानेवारी २००६ मध्ये, चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रात टीबीसी-एम४ या दुसऱ्या लशीची चाचणी सुरू झाली, ३२ जणांवर. मग २००९ मध्ये पुणे आणि चेन्नई मिळून तिसरी, आधी डीएनए लस आणि नंतर टीबीसी-एम४ असा क्रम लावून बघणारी. तिच्यातही ३२ जण.

तिन्ही मिळून झाले ९४. आता मला सांगा, ९४ माणसांवरून एखादी लस एचआयव्ही रोखते की नाही, हे ठरवता येईल का? तसं ठरवायला कोणी निघालंच नव्हतं. या तिन्ही पहिल्या टप्प्याच्या चाचण्या, आणि त्या टप्प्यात घेतलेली माणसं मुद्दाम अशी निवडतात की त्यांना लागण होण्याचा धोका कमीत कमी असेल. मग लागण झाली की टळली, हे मोजणार कसं? रोखते की नाही याचं उत्तर हवं असेल तर हजारो माणसं लागतात आणि वर्षानुवर्षं थांबावं लागतं. थायलंडमध्ये १६ हजारांहून जास्त लोकांनी भाग घेतला, तेव्हा कुठे २००९ मध्ये सुमारे ३१ टक्के संरक्षण दिसलं, तेही वापरात आणण्याइतकं नव्हतं.

पहिल्या टप्प्याचे प्रश्न साधे असतात. हे औषध माणसाच्या अंगाला सोसतं का? किती मात्रेपर्यंत सोसतं? आणि शरीर त्याची दखल घेतं का? त्यासाठी आधी थोड्या लोकांना कमी मात्रा देतात, थांबतात, सगळं ठीक दिसलं तर मात्रा वाढवतात. टोचून घेणारा घरी रोज तापमान बघतो, दंड सुजला का, अंग मोडून आलं का, हे छापील कार्डावर लिहितो. ठरलेल्या तारखांना येऊन रक्त देतो. त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून त्यांना एचआयव्हीच्या प्रथिनांचे तुकडे दाखवतात आणि किती पेशी त्यांना ओळखून उत्तर देतात ते एलिस्पॉट नावाच्या तपासणीत ठिपके मोजून बघतात. हे काम किती नाजूक आहे ते मला माहीत आहे. नमुना वाटेत तापला किंवा पेशी गोठवताना घाई झाली, की ठिपके खोटं बोलतात.

पुण्याच्या पहिल्या चाचणीचं उत्तर असं आलं की लस सुरक्षित आहे, सोसते, पण शरीर तिची फारशी दखल घेत नाही. म्हणून ती हजारो लोकांच्या चाचणीपर्यंत नेली नाही. हजारो लोकांना नाहक टोचण्याआधी या ३० जणांसारख्या मोजक्या माणसांनी हे कळवलं. चेन्नईची लस एमव्हीएवर बेतलेली होती. एमव्हीए म्हणजे देवीच्या लशीतलाच विषाणू, कोंबडीच्या पेशींत पाचशेहून जास्त वेळा वाढवून इतका दुबळा केलेला की माणसाच्या शरीरात त्याची वाढ होत नाही. माझ्या पिढीच्या दंडावर देवीच्या लशीचे व्रण आहेत, त्याच घराण्यातला हा. त्यात एचआयव्हीची जी जनुकं बसवली ती भारतात आढळणाऱ्या सी उपप्रकाराची होती. अमेरिका-युरोपातल्या बहुतेक लशी बी उपप्रकार धरून बनायच्या, आपल्याकडे आणि दक्षिण आफ्रिकेत पसरलेला उपप्रकार सी. आपल्या विषाणूवर आपल्या माणसांच्या रक्तात काय होतं, हे आपल्या प्रयोगशाळांत बघणं जरुरीचं होतं, आणि ते झालं. चेन्नईत बहुतेकांच्या रक्तात प्रतिसाद मिळाला. याला अपयश म्हणणं हा त्या ९४ जणांवर अन्याय आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर लेखणी उचलली, ती सांगते.

आमच्या रक्तपेढीने एका कंपनीत शिबिर घेतलं होतं. त्यातला एक नमुना रिअॅक्टिव्ह आला. आम्ही तो पुन्हा लावला, दुसऱ्या कंपनीच्या किटवर लावला. तरी रिअॅक्टिव्ह. नियमाप्रमाणे पिशवी बाद झाली आणि दात्याला समुपदेशनासाठी बोलावलं. तिशी ओलांडलेला, नीटनेटका तरुण. त्याने पाकिटातून एक जपून ठेवलेलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. पुण्यात नोकरीला असताना त्याने लशीच्या चाचणीत भाग घेतला होता. रक्तदान करू नका, असं त्याला तिथे बजावलं होतं. पण शिबिराच्या दिवशी साहेब टेबलाशेजारी उभे राहून एकेकाला पुढे करत होते, आणि ‘मी एचआयव्हीची लस टोचून घेतली आहे’ हे चारचौघांत सांगायची त्याची हिंमत झाली नाही. रक्त बाहेर कोणाला दिलं जाणार नाही, ते तपासणीत अडेल, हे त्याला माहीत होतं.

हे का घडलं, ते वाचकांना कळावं म्हणून थोडं तांत्रिक लिहिते. एलायझा काय किंवा आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात, बोटाला टोचून करतात ती झटपट तपासणी काय, दोन्ही प्रामुख्याने विषाणू शोधत नाहीत, विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधतात. प्लेटच्या तळाशी एचआयव्हीची प्रथिनं चिकटवलेली असतात. रक्तद्रवात त्यांना धरणारी प्रतिपिंडं असली की शेवटी रंग येतो. लशीचं कामच प्रतिपिंडं बनवून घेणं. मग ज्याच्या शरीराने लशीला चांगला प्रतिसाद दिला, त्याच्या रक्ताने प्लेट पिवळी होणारच. त्याला एचआयव्ही झालेला नसतो आणि त्या लशीमुळे होऊही शकत नाही, कारण तिच्यात अख्खा एचआयव्ही नसतोच, त्याची मोजकी जनुकं असतात. पण तीन वेगवेगळ्या किटवर तीनदा तपासलं तरी उत्तर चुकीचंच येईल, कारण तिन्ही किटं एकच गोष्ट शोधतात. खात्री करायची तर विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी पीसीआर चाचणी करावी लागते. काहींच्या बाबतीत ही प्रतिपिंडं वर्षानुवर्षं टिकतात.

त्या तरुणाचा नमुना पुढे पाठवला, पीसीआर निगेटिव्ह आला. वैद्यकीय बाजू तिथे संपली. पण त्याला निरोप द्यायचा फोन त्याच्या कंपनीच्या कार्यालयामार्फत गेला होता. रक्तपेढीने अमक्याला परत बोलावलं, एवढं कळायला पुरेसं असतं. दुपारी डबा खाताना त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. तो मला म्हणाला, “ताई, लस घेतल्याचं मला वाईट वाटत नाही. पण हे मी कोणाकोणाला समजावत बसू?” काही महिन्यांनी त्याने ती नोकरी सोडली. त्याने समाजासाठी स्वतःचा हात पुढे केला आणि त्याच समाजाने त्याला पंगतीतून उठवलं. इतक्या वर्षांनीही याचा मला राग येतो.

आमच्या वेळच्या छापील रक्तदाता अर्जावर कावीळ, मलेरिया, गोंदण, शस्त्रक्रिया, सगळं विचारलेलं असे. कधी लशीच्या चाचणीत भाग घेतला आहे का, हे विचारलेलं मी पाहिलं नाही. हा एक प्रश्न प्रत्येक रक्तदाता अर्जावर आणि प्रत्येक तपासणी केंद्राच्या समुपदेशकाच्या तोंडी असला, तर असा माणूस पडद्याआड, सन्मानाने बाजूला होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट डोळ्यांआड होते आहे. २००५ मध्ये पंचविशीत असलेला स्वयंसेवक आज पंचेचाळीशीचा आहे. त्याच्यावर शस्त्रक्रिया व्हायची असेल, विमा काढायचा असेल, आखाती देशात नोकरीला जायचं असेल, तर एचआयव्ही तपासणी होणार. त्याच्या पाकिटातल्या कार्डावर कोणतं नाव आहे? भोसरीच्या संस्थेचं नाव आता बदललं आहे. चेन्नईच्या केंद्राचंही २०११ मध्ये बदललं. पुण्यातली लस बनवणारी कंपनी आज त्या नावाने अस्तित्वात नाही, चेन्नईतली लस बनवणारी तर बंदच पडली. ज्या परक्या शहरातल्या डॉक्टरपुढे तो कार्ड ठेवेल, त्या डॉक्टरने कोणाला फोन करायचा? आयसीएमआरने या ९४ जणांसाठी, आणि पुढे येणाऱ्यांसाठीही, कायम चालू राहणारा एक क्रमांक आणि जन्मभर ग्राह्य धरलं जाईल असं प्रमाणपत्र द्यावं. मोफत पीसीआरही त्यांच्या हक्काची असावी. ९४ माणसांसाठी याला खर्च तो कितीसा?

मला माहीत आहे, या सगळ्यावर एक आक्षेप येतो. परदेशी कंपन्या आपल्या गरीब माणसांना प्रयोगाचे उंदीर करतात, हे २००५ मध्येही पुण्यात कानावर येत होतं. या आक्षेपाला मी झटकून टाकणार नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीच्या अभ्यासात आंध्र आणि गुजरातमधल्या शाळकरी मुलींच्या संमतिपत्रांचा जो घोळ झाला, तो २०१० मध्ये उघडकीला आला आणि संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. अशा प्रकरणांनी लोक सावध झाले ते बरंच झालं. २०१९ चे नवे औषध व चाचणी नियम आले, त्यांत इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोणी द्यायची हे लिहिलेलं आहे. पण भोसरीची लस आधी जर्मनी आणि बेल्जियममधल्या ५० जणांना टोचायला सुरुवात झाली होती, मग पुण्यात आली, हेही त्याच दमात सांगायला हवं. आणि शंका घ्यायचीच तर ती नेमकी घ्यावी. २००७ मध्ये मर्क कंपनीच्या लशीची मोठी चाचणी थांबवावी लागली, कारण लस काम करत नव्हती आणि टोचून घेतलेल्यांतल्या काही पुरुषांत लागण उलट जास्त दिसली. हे लपवून ठेवण्यासारखं नाही. लशीत एचआयव्ही नव्हता, तरीही असं घडलं. म्हणूनच पुढे तशा लशीच्या चाचणीत माणसं निवडण्याचे निकष बदलले. स्वयंसेवकाला हे सगळं सांगून, त्याच्या भाषेत सांगून, घरी विचार करायला वेळ देऊन मग सही घेतली, तर त्याला उंदीर म्हणणं हा त्याच्या अकलेचा अपमान आहे.

आपल्या लेखात नसलेली, पण वाचकांना द्यायला हवी अशी बातमी पुढची आहे. दक्षिण आफ्रिकेतली मोठी चाचणी २०२० मध्ये थांबली, आफ्रिकेतल्या स्त्रियांमधली २०२१ मध्ये निष्फळ ठरली, ‘मोझायको’ नावाची तिसरी मोठी चाचणी २०२३ मध्ये थांबवली. त्या मोठ्या चाचण्यांना अपयशी म्हणा, माझी हरकत नाही, लस लागण रोखते की नाही, हाच प्रश्न त्यांना विचारला होता. पण त्याच काळात लहान चाचण्यांत वेगळं काही घडत होतं. एचआयव्हीचे बाहेरचे काटे साखरेच्या रेणूंनी झाकलेले असतात आणि विषाणू सतत रूप बदलतो. त्याच्या नाना रूपांना एकाच वेळी अडवणारी प्रतिपिंडं काही मोजक्या रुग्णांच्याच शरीरात, तीही वर्षांनी तयार होतात. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना बी पेशी म्हणतात; ही प्रतिपिंडं ज्या बी पेशींपासून सुरू होतात त्या फार दुर्मीळ असतात. अमेरिकेत ४८ जणांवर झालेल्या आयावी जी००१ या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत, लस मिळालेल्या ३६ पैकी ३५ जणांत नेमक्या याच पेशी जाग्या झाल्या. २०२२ च्या डिसेंबरमध्ये हे प्रसिद्ध झालं. हीच दिशा धरून पुढे एमआरएनए वापरून रवांडा आणि दक्षिण आफ्रिकेत १८ जणांवर चाचणी झाली, तिथेही प्रतिसाद मिळाला. यातल्या कोणालाही या लशीने संरक्षण मिळालेलं नाही, ती पुढच्या डोसांची नुसती पहिली पायरी आहे. एमआरएनए लशीच्या चाचण्यांत काही जणांच्या अंगावर गांधी उठल्या, खाज आली, काहींची ती बरेच दिवस राहिली. हेही पहिल्या टप्प्यातच कळलं, आणि पहिला टप्पा असतो तो यासाठीच. जे मोजक्या माणसांच्या दंडावरून कळतं, ते कळायला हजारो दंड लागू नयेत.

२०२५ मध्ये अमेरिकी सरकारने अशा संशोधनाचे पैसे मोठ्या प्रमाणावर तोडले. दक्षिण आफ्रिकेतली एक चाचणी सुरू व्हायच्या बेतात असताना अडली. आपल्याकडे एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख लोक आहेत आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा. दुसऱ्याच्या तिजोरीवर आपण किती दिवस विसंबून बसायचं, हा प्रश्न आपल्या राज्यातल्या खासदारांनी विचारावा असं मला वाटतं.

आता वर्षातून दोनदा घ्यायचं लेनाकापाविर इंजेक्शन आलं आहे. आफ्रिकेतल्या चाचणीत ते घेतलेल्या २,१३४ तरुण स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. हैदराबादच्या कंपन्या ते वर्षाला ४० डॉलरच्या आसपास देणार असल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. मला याचा मनापासून आनंद आहे. पण ते औषध आहे, दर सहा महिन्यांनी न चुकता दवाखान्याची पायरी चढायला लावणारं. ज्या बाईला नवऱ्यापासून लपवून ते घ्यावं लागेल, तिला दर सहा महिन्यांनी घराबाहेर पडायला निमित्त कुठून मिळणार? लहान वयात टोचून ठेवलेली लस तिच्यासाठी हवीच आहे.

आपल्याकडे एवढीच मागणी आहे की यापुढे चाचणीची बातमी देताना टप्पा कितवा, माणसं किती आणि विचारलेला प्रश्न कोणता, या तीन गोष्टी पहिल्या परिच्छेदात छापा. तशी बातमी वाचून पुढे यायचं की नाही हे माणूस स्वतः ठरवू शकेल.

आणि त्या ९४ जणांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी. जुनं कार्ड टाकू नका, त्याचा फोटो काढून घरातल्या एका माणसाकडे ठेवा. शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा परदेशच्या तपासणीआधीच डॉक्टरांना सांगा आणि पीसीआरचा आग्रह धरा. काही ठरावीक अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय एचआयव्ही तपासणी करता येत नाही, २०१७ च्या कायद्यात ते स्पष्ट आहे. रक्तदानाच्या शिबिरात कोणी पुढे ढकललं तर ‘माझं औषध चालू आहे’ एवढं म्हणून बाजूला व्हा, कारण सांगायला तुम्ही बांधील नाही.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
पुणे